खापरपणजीच्या आईचे हात

बाई,

तुमचं पुस्तक आलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली त्यानंतर आलं, पण आलं. तुमच्या मुलाला इतकी वर्षं तुमच्या कागदांचं खोकं उघडवत नव्हतं. मागच्या आठवड्यात, एक जुलैला, त्यातलं एक प्रकरण मी मोठ्याने वाचलं, झूटरमेरच्या त्याच लायब्ररीत जिथे तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात. समोर शंभरेक माणसं होती, बहुतेक तुमची, सुरिनामची. गुलामीतून सुटल्याचा दिवस म्हणून नटूनथटून आलेली, बायकांच्या डोक्याला कडक खळीचे रंगीत रुमाल. आणि त्यांच्यापुढे मी, पुण्याची, साडी नेसून, तुमच्या खापरपणजीच्या आईची गोष्ट डचमध्ये वाचत उभी. पहिली दोन वाक्यं मी घाईत वाचली. तुम्ही पहिल्या रांगेत असतात तर म्हणाला असतात, शब्द गिळू नकोस, पोरी.

तुम्ही भेटलात तेव्हा मला इथे नेदरलँड्समध्ये येऊन दीडेक वर्ष झालं होतं. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं, घरी मराठी, दुकानात बोट दाखवलं की भागायचं. पण नगरपालिकेची पत्रं डचमध्ये यायची, आणि माझ्या मुलीच्या शाळेतली शिक्षिका माझ्याशी बोलायचं सोडून मुलीशीच बोलायला लागली होती. चार वर्षांची पोर माझी दुभाषी झाली होती. त्याची लाज वाटून मी लायब्ररीत नाव घातलं आणि हौसेने डच शिकवणाऱ्यांपैकी तुम्ही माझ्या वाट्याला आलात. सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त नर्स, उंच, ताठ, खुर्चीत बसतानाही कुणाच्या तरी उशाशी बसावं तशा बेताने बसणाऱ्या. मी पहिलंच वाक्य म्हटलं, "सॉरी, माझं डच फार वाईट आहे." तुम्ही म्हणालात, "कुणाच्या पायावर पाय दिलास तर माफी माग. भाषेसाठी मागायची नाही." आमच्याकडे शिकवणारीला नुसतं 'बाई' म्हणतात, हे मी हातवारे करत समजावलं. तुम्ही तो शब्द दोनदा म्हणून बघितलात आणि म्हणालात, "चालेल. छोटा आहे."

महिन्याभराने तुम्ही मला घरी बोलावलंत. दारातच मी बूट काढले, आमच्याकडे काढतात तसे. तुम्ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येता, माझ्या मोज्यांकडे बघता आणि तुमचा आवाज एकदम चढतो. "बूट घाल." मला वाटलं, गंमत करताय. "घाल म्हणते ना! माझ्या घरात कुणी अनवाणी उभं राहत नाही." मी खाली वाकून नाड्या बांधत राहिले, कान तापलेले. टेबलाशी बसल्यावर तुम्ही माझ्यापुढे ताट सरकवलंत आणि मगच बोललात. सुरिनाममधल्या डचांच्या मळ्यांवर गुलामांना पायात काही घालायची बंदी होती. बूट ही स्वतंत्र माणसाची वस्तू. तुमच्या खापरपणजीने सुटका झाल्यावर पहिली कुठली गोष्ट मिळवली असेल तर बूट. ते इतके चावले की घरी पोचेपर्यंत दोन्ही टाचा रक्ताळल्या, पण तिने ते काढले नाहीत. तिच्याबद्दल तुमच्या घरात तोंडोतोंडी चालत आलेली ही एवढीच गोष्ट. बाकी सगळं तुम्ही कागदांतून शोधत होतात आणि जिथे कागद संपत होता तिथून पुढे लिहीत होतात. त्या दिवशी ताटात जे होतं ते मी दोनदा मागून घेतलं. कसला तरी कंद किसून कोंबडीबरोबर भाजलेला होता. त्याची पानं तुम्ही दाखवलीत, तर आमच्या अळूचीच चुलत बहीण. तुम्ही त्यात संत्र्याचा रस घालता, आम्ही अळूला चिंच लावतो. घसा खाजू नये म्हणून आंबट दोन्हीकडे. "तुझे लोक आमच्यामागून त्याच मळ्यांवर आले," तुम्ही म्हणालात. "आम्ही सुटलो, तर मालकांनी जहाजं भरून हिंदुस्थानातून मजूर आणले. आमच्याच खोपट्यांत राहिले ते." मी म्हटलं, ते उत्तरेकडचे, माझे नव्हेत. तुम्ही हसलात. "जहाजातून उतरवताना असं कुणी विचारलं नव्हतं, पोरी."

तेव्हापासून तुमची कादंबरी हेच माझं डचचं पुस्तक झालं. दर शनिवारी सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात मी एकेक पान मोठ्याने वाचायची. मी कुठे अडखळले की तुम्ही पेन्सिल उचलून ते वाक्य मोडायचात आणि सोपं करायचात. मी म्हणायची, अहो, चूक माझी आहे, तुमचं वाक्य चांगलं आहे. तुम्ही म्हणायचात, "जिच्याबद्दल लिहितेय तिला वाचायला येत नव्हतं. तुला कळलं नाही तर तिलाही कळणार नाही." त्या एका वाक्याने मला माझ्या मोडक्या भाषेची किंमत कळली. माझ्यासारखीच्या अडखळण्यावर एवढं मोठं पुस्तक घासून स्वच्छ होत होतं.

मग एकदा तुम्ही मला हेगला घेऊन गेलात, जुनी दप्तरं ठेवतात तिथे. पडद्यावर एक पिवळं पान आलं, तिरक्या अक्षरातलं. तुमच्या खापरपणजीबद्दल जगात फक्त चार ओळी लिहिलेल्या होत्या. पहिलीत तिचं नाव, मालकाने चेष्टेने ठेवलेलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण तुम्हीही पुस्तकात लिहिलं नाहीत. तिच्याच पुढे तिच्या आईचं नाव. दुसरीत एका मळ्यावरून दुसऱ्यावर नेल्याची नोंद. तिसरी सुटकेच्या वेळची, जेव्हा तिला सरकारी आडनाव मिळालं. चौथी ओळ तिच्या आईच्या नावासमोर होती, एकाच शब्दाची. मी तो शब्द जुळवून वाचला आणि अर्थ कळल्यावर तुमच्याकडे बघितलं. पळाली. मुलगी सहा वर्षांची होती तेव्हा आई जंगलात पळून गेली, एकटी. तुम्ही काचेवर बोट टेकवून बसला होतात. एवढ्या एका शब्दावर एक बाई उभी होती, आणि तिच्यापासून चालत चालत तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीपर्यंत आला होतात.

तेच एक प्रकरण तुम्हाला लिहिता येत नव्हतं. बाकी सगळं झालं होतं, पण आई पळते तिथे कोरी पानं. सापडली तर पायाची शीर तोडायचे, हे तुम्हाला माहीत होतं. पुष्कळ जण पळाले, हेही माहीत होतं. पण मूल मागे ठेवून? एका शनिवारी तुम्ही पेन्सिल ठेवलीत आणि मला विचारलंत, "तू मुलीला तिकडे ठेवून आली होतीस ना? सांग मला. कशी निघालीस?" मी मागे कधीतरी बोलून गेले होते. नोकरी आधी मला मिळाली होती, घर आणि कागदपत्रं होईपर्यंत आठ महिने मुलगी पुण्यात माझ्या आईकडे होती. मला तुमचा भयंकर राग आला. माझ्या तोडक्यामोडक्या डचमध्ये मी म्हणाले, "मी व्हिसा घेऊन आले होते. मला कुणी चाबकाने मारत नव्हतं. तुम्ही माझी आणि तिची तुलना कशी करता? तिचा अपमान आहे हा." तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुलना नाही करत. मला तिचे हात दिसत नाहीयेत. निघताना तिने हातांनी काय केलं असेल, एवढंच हवंय." मी पिशवी उचलून निघाले आणि तीन शनिवार आले नाही.

चौथ्या शनिवारी आले ती सांगायचं ठरवूनच. तुम्ही कॉफी ओतलीत. मी तुम्हाला सांगितलं ते नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. निघायच्या दिवशी दुपारी मी मुलीच्या डोक्याला तेल लावलं. रोज माझी आई लावायची, त्या दिवशी मी लावलं, फार वेळ, केस चपचपीत होईपर्यंत. मग आई तिला चिऊ दाखवायला गॅलरीत घेऊन गेली आणि मी मागच्या दाराने उतरले. अच्छा केलं नाही. टॅक्सीत, विमानतळावर, विमानात, हात धुतले नाहीत. सारखी तळव्यांचा वास घेत राहिले. हे सांगताना माझी डच वाक्यं एकदाही अडखळली नाहीत. तुम्ही काही लिहून घेत नव्हतात. नुसते माझे हात टेबलावर तुमच्या हातांत धरून बसला होतात, नाडी बघावी तसे. पुढच्या शनिवारी ते प्रकरण तयार होतं. त्यात ती आई भल्या पहाटे मुलीच्या केसांना खोबरेल लावते, बारीक बारीक वेण्या घालते, कारण पुढे कितीतरी दिवस त्या कुणी घालणार नाही. आणि मग चिखलातून, अनवाणी, तळव्यांचा वास घेत चालू लागते. मी ते वाचलं. माझे हात पार त्या जंगलात जाऊन पोचले होते. मला वाटलं होतं, माझं छोटंसं दुःख तिथे शोभणार नाही. तुम्ही ते तिच्या मापाने पुन्हा शिवलं होतं, आणि ते तिचंच झालं होतं.

पुढे तुमचं आजारपण आलं. शेवटच्या भेटीत तुम्ही खिडकीशी पलंगावर होतात, पायांत लोकरीचे बूट. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "एक राहिलं. विमान उडाल्यावर, क्षणभर तरी, हलकं वाटलं का तुला?" मी लगेच म्हणाले, "नाही." तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. मला वाटलं, विषय संपला.

एक जुलैला मी ते प्रकरण वाचत होते. जवळजवळ पाठ होतं, म्हणून घरी पुन्हा उघडून बघितलंही नव्हतं. आई ओढा ओलांडते तिथे आले आणि समोर एक वाक्य आलं जे आधी कधीच नव्हतं. पलीकडच्या काठावर पोचल्यावर ती हसली, आणि आपलं हसू ऐकून तिने तोंडावर हात धरला. मी थांबले. शंभर माणसं वाट बघत होती. तुमच्या मुलाने नंतर मला हस्तलिखिताचा तो कागद दाखवला. समासात तुमचंच अक्षर होतं, पेन्सिलीचं, थरथरतं. कुठल्या दिवशी लिहिलंत ते मला कळलं. मी नाही म्हटलं आणि तुम्ही हो ऐकलंत. दीडशे वर्षांहून जुन्या एका शब्दातून बाई ओळखणाऱ्या तुम्ही. समोर बसलेली कशी सुटली असती?

माझी मुलगी ऐकायला आली होती, खास आइंडहोवनहून. तिथे शिकते ती आता. बाहेर सायकली सोडवताना मी मराठीत बोलत होते आणि ती नेहमीसारखी डचमध्ये उत्तरं देत होती. म्हणाली, "ती हसली ना आई, तिथे मला ती एकदम खरी वाटली." मी म्हटलं, हो का. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूसुद्धा हसली होतीस, मला ठेवून निघालीस तेव्हा?" आणि मी म्हणाले, "छे गं. ती गोष्ट आहे." तिने मान हलवली, सायकलवर बसली.

बाई, खरं ते असं. विमान वर गेलं, जेवणाचा ट्रे आला, आणि मुलगी झाल्यापासूनच्या अडीच वर्षांत पहिल्यांदा मी दोन्ही हातांनी, गरम असताना, कुणाला न भरवता जेवले. पावाला लोणी लावताना मला हसू आलं. आवाज झाला इतकं आलं. शेजारच्या माणसाने वळून बघितलं.

तुमच्या मुलाकडे देण्यासाठी हे लिहायला बसले होते, तुमच्या खोक्यात ठेवायला. तो ठेवेलही. पण मी देणार नाही. डचमध्ये लिहिता आलं असतं मला आता, तुम्हीच शिकवलंत. मराठीत लिहिलं, कारण माझ्या मुलीला मराठी बोललेलं सगळं कळतं, वाचता येत नाही.