स्प्रिंगांबाबत ठराव

पुणे,
२४ फेब्रुवारी २०१३

तीर्थरूप आप्पा व सौ. आई यांस,
वैजिनाथचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. फोनवर तुम्हांला निम्मे ऐकू येते आणि उरलेले निम्मे तुम्ही मनाने भरता, म्हणून पत्रच लिहितो. तोंडी बोलणे धरायचे नसते हीदेखील तुमचीच शिकवण. दूध संस्थेची सचिवकी सुटली तरी तो नियम घरात चालूच आहे, अशी आईची तक्रार असते.

गाडी ठरली, पांढरी. आता एकाच गोष्टीवर घोडे अडले आहे. कंपनी थोडे जादा घेऊन स्पोर्ट सस्पेन्शन देते. म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगा आणि शॉकअप कडक, आणि गाडी नेहमीपेक्षा दोन बोटे खाली. वळणावर ती झुकत नाही, रस्ता धरून चालते. शोरूमवाल्याने तशी एक गाडी मला कात्रजच्या घाटात चालवायला दिली होती. आप्पा, खरे सांगतो, उतरावेसे वाटेना. तोटा एवढाच की खड्ड्याचा हादरा सरळ पाठीत जातो.

आणि इथेच माझे डोके चालेनासे होते. पाण्याच्या टँकरच्या गर्दीत पडून आईचा मणका दबला त्याला वर्ष होत आले. डॉक्टरांनी हादरा वर्ज्य सांगितल्यापासून ती नेकनूरच्या बाहेर पडलेली नाही. तिकडे उदगीरला नीलामावशी अंथरुणाला खिळली आहे. आईला बहिणीकडे माझ्या गाडीतून नेईन, असे मी संक्रांतीला कबूल करून बसलो. साधी गाडी तयार आहे, पंधरवड्यात मिळते. कडक स्प्रिंगांची मागवावी लागते, त्याला दोन-अडीच महिने जातात. म्हणून वाटते साधी घ्यावी. मग वाटते, उदगीरचा प्रवास दोन दिवसांचा आणि पुढची दहा वर्षे गाडी मलाच चालवायची आहे. असे वाटल्याची मग लाज वाटते. त्यात शोरूमवाला म्हणतो की मऊ गाडी डुलते आणि डुलण्यानेच पाठ जास्त दुखते. कुणाचे खरे धरावे?

आईला सरळ विचारून कळवावे. तुमच्या उत्तराखेरीज मी सही करणार नाही.

आपला आशीर्वाद पाठीशी असावा,
वैजिनाथ


नेकनूर,
३ मार्च २०१३

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

चि. वैजिनाथ यास गुंडप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. विषय महत्त्वाचा असल्याने एकट्याने निर्णय न घेता आज रविवारी घरी सभा बोलावली. सभासद मी, तुझी आई आणि चौसाळ्याची तुझी आत्या शिवगंगा. संस्थेचा दूध टेंपो चालवणारा हरिबा यास जाणकार म्हणून बोलावले होते. ऐन वेळी शिवगंगेच्या गल्लीत टँकर आला, त्यामुळे ती घागरी सोडून येऊ शकली नाही. तिघेही हजर हवेत असा घरचा नियम आहे. सबब गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा घेतली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही हे तुला ठाऊक आहेच. मधल्या वेळात तुझ्या आईने चहा केला.

हरिबाचे म्हणणे असे पडले की टेंपोचे पाटे, म्हणजे त्याच्या स्प्रिंगा, कडक असतात. टेंपो भरलेला असला की पाण्यावरून चालल्यासारखा जातो आणि रिकामा असला की उड्या मारतो. यंदा दुष्काळाने संस्थेत पाव दूध येते, कॅन रिकामे वाजतात, आणि हरिबाची कंबर धरली आहे ती त्यामुळेच. म्हणजे दोष पाट्यांचा नसून माल कमी असण्याचा आहे. हे मला पटले.

नंतर तुझ्या आईला विचारले. ती म्हणाली की पोराला आवडंल ते घ्यावं, माझं काय. हा होकार धरून ठराव एकमताने मंजूर झाला, तो असा की कडक स्प्रिंगांची गाडी घ्यावी आणि ती नेहमी माणसांनी भरून चालवावी. हरिबाला मताधिकार नसल्याने सूचक मी, अनुमोदक तुझी आई.

तथापि सभा संपल्यावर मला शंका आली. गाडी भरायला माणसे आणायची कोठून? निम्मे गाव ऊस तोडायला गेलेले आहे. शिवाय डॉक्टरांचे म्हणणे विचारात घेतले गेले नाही. म्हणून ठराव कायम ठेवून त्याची अंमलबजावणी पुढील सभेपर्यंत स्थगित केली आहे. तुला स्पष्ट कळावे म्हणून हे सविस्तर लिहिले.

म्हैस चारा छावणीत बरी आहे, मला बघून हंबरते. तुझी आई बोलते कमी आणि उंबऱ्यावर फार वेळ बसते. पाठीमुळे असेल.

जिव्हाळा आहेच, तो वाढावा.
गुंडप्पा


चौसाळा,
८ मार्च २०१३

चि. वैजू यास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

सभेला मी नव्हते हे माझे नशीब. दादाने ठरावाची नक्कल पाठवली आहे. वाचली, पण गाडी घ्यायची की नाही घ्यायची ते काही कळले नाही.

आधी तुझे ऐक. दोन बोटे खाली गाडी घेऊन तू मुलगी बघायला जाणार असशील, तर वेशीवरच उतरून चालत जा. आपल्याकडचे गतिरोधक सरकारी मापाचे नसतात. ज्याच्या दारावरून पोरे सुसाट जातात तो स्वतःच एक ओंडका पुरतो आणि वर मुरूम टाकतो. तुझी गाडी त्यावर पोट टेकून बसली, तर सासरचे लोक ढकलायला येतील आणि तीच तुमची पहिली ओळख.

थट्टा राहू दे. मी म्हटले, ठराव कसले करता, बाईला बसवून बघा. परवा दोन गाड्या घेऊन मी नेकनूरला गेले. एक आमच्या मेडिकलवाल्याची, बुटकी आणि कडक. दुसरी शेजारच्या मोहनरावांची जीप, एकदम गादीसारखी. दोन्हींतून वहिनीला मांजरसुंब्यापर्यंत नेऊन आणले. कडक गाडीत ती गुपचूप बसली आणि उतरल्यावर छान हाय म्हणाली. मऊ जीपमध्ये मात्र निम्म्या वाटेतच ओकली. आता बोल. मी मऊ गाडीच्या बाजूने होते, आता माझेच मला कळेना. एवढे मात्र लिहून ठेवते की कडक गाडीत तिने माझे मनगट असे धरले होते की बांगडीचा वळ अजून आहे.

मोहनरावांची जीप सरळ उदगीरला न्यावी असेही मी सुचवले. तर वहिनी म्हणाली की अक्काला, म्हणजे नीलम्माला, सांगून बसलेय, येईन ती माझ्या पोराच्या गाडीत. हट्टाला औषध नाही.

आणि वैजू, ही गोष्ट दादाला माहीत नाही. उदगीरहून फोन आला होता. साखरेने नीलम्माची नजर पूर्ण गेली. दवाखान्याने घरी पाठवून दिले आहे. रोज विचारते म्हणे की शिवी निघाली का; वहिनीला ती शिवी म्हणते. मी वहिनीला सांगितले, तेव्हा ती उठून भाकरी थापायला बसली. दादाला सांगितले तर तो विशेष सभा बोलावील, म्हणून गप्प आहे. मला वहिनीची फार काळजी वाटते.

जे करायचे ते लवकर कर. आत्यावर माया आहे तशीच ठेव.
शिवगंगा


पुणे,
१४ मार्च २०१३

ती. सौ. आत्यास,
वैजिनाथचा साष्टांग नमस्कार वि. वि.

माझी काय गत झाली आहे ती ऐक. आप्पांचे पत्र आले, त्यात ठराव मंजूर एवढे वाचून मी शोरूममध्ये जाऊन कडक स्प्रिंगांची मागणी नोंदवली. घरी येऊन शेवटपर्यंत वाचले तेव्हा स्थगिती दिसली. दुसऱ्या दिवशी जाऊन मागणी रद्द केली. मग तुझे पत्र आले की आई कडक गाडीत बरी होती. पुन्हा नोंदवली. घरी येऊन मनगटाचे वाचले आणि पुन्हा रद्द केली. आता शोरूममधली मुलगी मला बघताच पाणी मागवते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते.

ऑफिसात विचारले तर एक जण म्हणाला की स्प्रिंगांपेक्षा टायरमधली हवा महत्त्वाची. दुसरा म्हणाला, पुढच्या सीटवर बसव. तिसऱ्याने विचारले की आईला विमानाने का नेत नाहीस. उदगीरला विमान उतरत नाही हे त्याला पटवताना जेवणाची सुट्टी संपली.

आत्या, मला ती गाडी मनापासून आवडली होती. घाटातून उतरताना पहिल्यांदा वाटले की काहीतरी माझ्या मनासारखे झाले. पण मावशीचे वाचल्यापासून तो घाट मागे पडला. साधी तयार गाडी शोरूमवाल्याने माझ्यासाठी अजून अडवून ठेवली आहे. ती उद्या घेऊन निघावे, तर भीती वाटते की तुझ्या त्या जीपसारखीच आईला डुलून त्रास झाला आणि वाटेतच पाठ गेली, तर माझ्या हातून काय होऊन बसेल. आणि थांबावे तर मावशी थांबेल का? सगळ्यांची मते आली, आईचे तेवढे आले नाही. आप्पा नसताना तिला एकटीला गाठून विचार आणि ती म्हणेल ते, जसेच्या तसे, लिहून पाठव.

तुझा लोभ आहे म्हणून धीर आहे.
वैजिनाथ


नेकनूर,
१९ मार्च २०१३

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

चि. वैजिनाथ यास आशीर्वाद.

पत्र घाईत लिहीत आहे. तुझी आई घरात नाही. परवा सकाळी तिने मला विचारले की पुढची सभा कधी आहे. मी म्हणालो, येत्या रविवारी. ती बरं म्हणाली. मला वाटले, तिला एखादा विषय मांडायचा असेल. काल छावणीतून परत आलो तर भाकरी झाकून ठेवलेली होती आणि खुंटीवरचा तिचा कमरेचा पट्टा नव्हता. हरिबाने सांगितले की काकूंना त्याने एस.टी.च्या थांब्यावर पाहिले, सोबत शिवगंगा होती. नीलम्माची नजर गेली म्हणून उदगीरला निघालो, असे त्या त्याला म्हणाल्या. त्याला वाटले, मला माहीत आहे.

दुपारी शिवगंगेचा फोन आला. लातूर एवढाच शब्द मला ऐकू आला. पुढचे मनाने भरायला घेतले, पण भरवेना.

मला राग आला आहे आणि त्याहून जास्त भीती वाटते आहे. नीलम्माचे इतके झाले होते हे मला कुणीच सांगितले नाही. माझ्याच घरात माझ्यापासून का लपवावे, हे कालपासून मला समजत नाही. दोन सभासद उदगीरला गेल्याने रविवारची सभा होणार नाही. तहकूब करून पुन्हा घेतली तरी मी एकटाच बसणार.

तुला काही कळले तर मला लेखी कळव. नाही, फोनच कर. हरिबाला जवळ बसवून ठेवतो, तो ऐकून सांगेल.

तुझा,
आप्पा


उदगीर,
२२ मार्च २०१३

चिरंजीव वैजू बाळास आईचा आशीर्वाद.

मला पुस्तकी ल्ह्याला येत न्हाई, बोलते तसं ल्हिते. आमी सुखरूप पोचलो. पट्टा आवळून बांधला, मागं वाकळ घडी करून लावली, अन् कंडक्टरनं डायवरच्या मागची जागा दिली. केजपातूर बरं गेलं. अंबाजोगाईच्या पुढं डोळ्याला पाणी आलं. लातूरला गाडी बदलायची होती, तवा वन्संनी धरून उतरवलं. लई दुखलं, खोटं कावून सांगू. आता चार दिस झाले, उठून बसाया येतंय.

आप्पांना न सांगता आले ते चुकलं आसंल. पण सांगितलं आसतं तर त्यांनी पंखा लावून सगळ्यांना बोलावलं आसतं, अन् मी परत च्या करीत बसले आसते. त्यांच्यावर माझा राग न्हाई. त्यांना फोन कर, जेवले का इचार.

तुमी समद्यांनी मला इचारलं की गाडी कोणती घ्यावी. मला त्यातलं काय कळतंय? तुला कवा जायचंय, आसं एकानंबी इचारलं न्हाई. मी काय सांगावं म्हनून गप बसले, अन् तुमी तो होकार धरला.

मेडिकलवाल्याच्या गाडीत माझी पाठ भरून आलती. बोलले न्हाई, कारण तुला तसलीच पायजे हे मला ठावं होतं. ल्हानपणापासून तू काई मागितलं न्हाईस. अन् जीपमधी ओकले ते स्प्रिंगांमुळं न्हवं. निघायच्या आदी वन्संनी आग्रह करकरून कढईतली भजी खाऊ घातलती. त्यांनी ते तुला ल्हिलं नसंल.

आता अक्काचं सांगते. तिला काईच दिसत न्हाई. मी जवळ बसले तर हातानं माझं तोंड चाचपलं अन् शिवी म्हनाली. मंग पैलं हेच इचारलं की वैजूच्या गाडीत आलीस का. मी हो म्हनले. बाळा, दुसरं काई तोंडातून आलंच न्हाई. सांगितलं की त्यानं दारात सोडलं अन् कामावर तसाच माघारी गेला, मला न्ह्यायला येणार हाय. तिनं इचारलं की गाडी बसाया कशी हाय. म्हनलं, लोण्यावानी. तवर तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत फिरत पट्ट्यावर आला अन् तितंच थांबला. मंग म्हनाली की वैजू न्ह्यायला आला की मलाबी त्या गाडीत येशीपातूर एक चक्कर मारू दी.

डागतर पाडव्याच्या पुढचं काई बोलत न्हाई.

स्प्रिंगा कडक घे का मऊ घे, ते तुजं तू बघ, पण जी दुकानाच्या दारात तयार आसंल ती घे. तुला मनासारखी मिळाली न्हाई याचं मला वाईट वाटंल, ते मी सोशीन. गल्लीत गाडी वाजली की अक्का उशीवरून मान उचलती, अन् मी तिच्याकडं बघत न्हाई. मला खोटं पाडू नको.

माया हायेच, ती आसू दी.
तुजी आई,
शिवम्मा