तारखेलाच दे!

४ मार्च, सोमवार

कोर्टाची तारीख लागली! पुढच्या आठवड्यात, मंगळवारी. सकाळपासून मी आपली गुणगुणतेय. मुलगा म्हणाला, "आई, कोर्टाची तारीख आहे, सहलीची नाही." शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात — पण मी कुठे शहाणी! चौथीतच शाळा सुटली.

केस उसन्या पैशांची. दुकानांच्या पाट्या रंगवतो तो पाटीवाला मागे मोडक्या शिडीवरून पडला. हात गळ्यात बांधून दारात उभा. नव्या शिडीला मीच पैसे दिले. कागद ना पत्र. ते अजून फिटले नाहीत. मला काय घाई होती? मुळीच नव्हती! पण घरात नात वकील होऊन बसलीय ना — आमची ठमी. काळा कोट घालून मोठ्या वकिलांच्या मागे फायली धरून उभी राहते आणि घरी येते. घरात तोंडाचा पट्टा, कोर्टात मिठाची गुळणी! मोठे वकील म्हणाले, या महिन्यात तोंड उघडलं नाहीस तर दुसरीकडे बघ. उशीत तोंड खुपसून रडली पोर. म्हणून तर म्हटलं, माझीच केस चालव. माझ्यासाठी नाही बोललीस तर कोणासाठी बोलशील?

७ मार्च, गुरुवार

ठमी आरशासमोर बोलते. "साहेब, माझे अशील..." अशील म्हणजे मी! केवढा मान! कपाटाआडून ऐकते. आरशाला अगदी गप्प करते हो.

१० मार्च, रविवार

घोटाळा! ठमी बाहेर गेलेली, आणि पाटीवाला आला — सगळे पैसे घेऊन! कुठून कुठून गोळा केलेले, रुमालात बांधलेले. "आजी, वकिलाला देण्यापेक्षा तुम्हालाच देतो ना. मिटवून टाका."

मिटलं तर ठमी उभी कधी राहणार? म्हटलं, "आत्ता नको. तारखेला दे."

"अहो, पण देतोय ना!"

"तारखेलाच दे! आणि आधी जरा नाही-नाही म्हण."

बघतच राहिला. चहा पाजून वाटेला लावला. कानाला हिरवा रंग लागला होता, तो पुसून दिला. गुणी आहे लेकरू.

१२ मार्च, मंगळवार

झालं ते असं. बाकाचा खिळा वर आलेला, त्यावर मी. नाव पुकारलं. ठमी उभी राहिली. जज्जसाहेब म्हणाले, "बोला, वकीलबाई." ठमी गप्प! मी मागून पुटपुटतेय — बोल गं, बोल.

शेवटी साहेबांनी पाटीवाल्यालाच विचारलं, "पैसे घेतलेत का?" तो इकडे बघतो, तिकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "नाही..." म्हणाला आणि घामच फुटला त्याला. "घेतले हो साहेब! परवाच द्यायला गेलो होतो. आजीच घेत नाहीत! म्हणतात, तारखेलाच दे!"

सगळं कोर्ट हसलं. ठमी गर्रकन वळली. "आजी! पैसे परत पाठवलेस? मला न विचारता? अगं, हे कोर्ट आहे, तुझं स्वयंपाकघर नाही!"

काय तो आवाज! खणखणीत! दाराशी उभा शिपाईसुद्धा सरळ झाला. जज्जसाहेब म्हणाले, "वकीलबाई, आजी नाही, अशील म्हणा."

"माफ करा साहेब," म्हणाली, आणि मग थांबेचना — माझे अशील आजच पैसे घेतील, तडजोड लिहून घ्यावी, कोर्टाचा वेळ घालवला म्हणून अशिलाच्या वतीने माफी मागते. एकदाही अडखळली नाही! साहेबांनी मलाही झापलं. झापू देत. मी आपली हसतेय.

१३ मार्च, बुधवार

ठमी बोलत नाही माझ्याशी. जेवायला वाढताना एवढंच — "घ्या, अशीलबाई."

१९ मार्च, मंगळवार

पाटीवाला आला. माझ्याकडे नाही — ठमीकडे! एका चपलांच्या दुकानवाल्याने त्याचे पैसे बुडवलेत, म्हणून तर माझे अडले होते. म्हणाला, "ताई, आजींना झापलंत तसं त्याला झापा." मी लगेच खुर्ची ओढून बसले.

ठमी म्हणाली, "आजी, तू जरा बाहेर थांब. मी माझ्या अशिलाशी बोलतेय."

थांबलेय! दाराबाहेर, उभ्यानेच लिहितेय. आतून आवाज कसा स्वच्छ येतोय!