मिठाची बरणी

ता. ४, मंगळवार

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. बाबांना दोनदा वाचून दाखवलं. फोनवरचं त्यांना धड ऐकू येत नाही आणि तूही हो-हो करून मोकळा होतोस, तेव्हा पत्रच बरं. वर्तमानपत्राच्या खाण्याच्या पानासाठी तू रोज नव्या हॉटेलात जेवतोस आणि तरी फोटोत काटकुळाच दिसतोस, याचं बाबांना भारी नवल वाटतं.

इकडची बातमी चांगली नाही. झटका येऊन दोन वर्षं झाली. उजवा हात गेला तो गेलाच, बोलणं अडखळतं, आता भूकही गेली. चार चमचे झाले की तोंड मिटून घेतात. डॉक्टरीणबाईंनी परवा स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर महिनाअखेरीला नाकातून नळी घालावी लागेल. मी मान डोलावली, घरी आले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची असते, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे माझं जग नाही. दुपारी मोबाइल घेऊन बसते आणि आसपासच्या हॉटेलांचे रिव्ह्यू वाचते. जायचं कुठेच नसतं, पण वाचायला काय जातंय! एकाला जेवण स्वर्गीय वाटतं, दुसऱ्याचं त्याच दिवशी तिथेच पोट बिघडतं. बाबांनाही वाचून दाखवते. चाळीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते ते, निम्म्या गोष्टींना नुसत्या भुवया उडवतात.

तर शनिवारी काय सापडलं ते ऐक. पुलाजवळ नवं हॉटेल निघालंय. एका माणसाने लिहिलंय की तो दर रविवारी दुपारी वडिलांना चाकांच्या खुर्चीवरून तिथे नेतो, खुर्ची थेट टेबलापर्यंत जाते, म्हाताऱ्या माणसाला मऊ करून वाढतात. आणि शेवटी काय, तर मिठाची बरणी जागची हलली नाही! आठवलं ना? जेवणं उरकली की बाबा कँटीनभर फिरून बघायचे, कुठल्या टेबलावरची बरणी हललीये का. नसली, म्हणजे वरून मीठ कुणाला लागलं नाही, की स्वारी खूश. घरी येऊन हात धुताना तेवढंच सांगायचे. म्हटलं, हा नक्की त्यांच्या कँटीनमधला कुणीतरी असणार. बाबांनी ते मला चारदा वाचायला लावलं, आणि धाकट्या, त्या दिवशी त्यांनी वाटीभर भात संपवला. मला रडूच आलं.

येत्या रविवारी जमणार नाही, खुर्चीचं चाक दुरुस्तीला दिलंय. १६ तारखेच्या रविवारी जायचं ठरवलंय. शेजारच्या नर्सबाई सोबत येतील. बाबांनी निळा शर्ट आत्ताच काढून ठेवायला लावलाय. तू यातला जाणता. असल्या लिखाणावर भरवसा ठेवावा का, ते लगेच कळव. आणि बघ, जगात असेही मुलगे आहेत, दर रविवारी बापाला जेवायला नेणारे! रागावू नकोस, चिडवतेय.

तुझा आमच्यावर लोभ आहेच, तो अधूनमधून घरी येऊन दाखवावा, एवढीच मागणी.

तुझी,
ताई


ता. १२, बुधवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस. त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे, तीत नेहमीच्या थापा आहेत.

ताई, तिथे जाऊ नका. ते मी लिहिलंय.

वर्तमानपत्र वगैरे काही नाही. पहिल्या वर्षी तिथे अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, आणि मी घरी मात्र नोकरी लागली म्हणून कळवून बसलो. आम्ही आठजण एका बिनखिडकीच्या खोलीत बसतो. आत जाताना फोन दारातल्या पेटीत टाकायचा. सर सकाळी हॉटेलांची यादी देतात. नाव असतं आणि कशाची तारीफ करायची ते. गावाचा रकाना आमच्यापर्यंत येतच नाही. दिवसाला तीस रिव्ह्यू लिहायचे, दर वेळी नवं नाव घेऊन. एकदा लिहिलेलं वाक्य पुन्हा लिहिलं की पडद्यावर लाल होतं. त्या दिवशी सव्विसावं चालू होतं. वृद्धांसाठी सोयीचं, एवढंच कागदावर होतं. डोकं रिकामं झालेलं. चविष्ट लाल, रुचकर लाल, घरच्यासारखं तर कधीचंच लाल. मग हाताला आलं ते बाबांचं वाक्य टाकलं. ते लाल झालं नाही.

त्या हॉटेलाचं दारही मी पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर इथल्याही कुठल्या हॉटेलात मी जेवलेलो नाही. दुपारी डबे येतात, तेही अळणी. मीठ मागायला सरांकडे उठून जावं लागतं, म्हणून कुणी मागत नाही. कागदावर मात्र मी कधी बायकोचा वाढदिवस करतो, कधी बापाला रविवारी जेवायला नेतो.

दोन वर्षं घरी का आलो नाही, हे तू दर पत्रात विचारतेस. बाबा विचारतील कुठे जेवलास, कशात शिजवलं होतं, किती वेळ. दोन प्रश्नांत माझं पितळ उघडं पडेल. हे सोडून दुसरीकडे जावं, तर तिथे अनुभव विचारतात. हजारो लेख माझ्या हातचे आहेत आणि एकाखालीही माझं नाव नाही. काय दाखवू?

काल तुझं पत्र आल्यापासून दोनदा फोन केला. फोन बाबांच्या उशाशी, आवाज मोठा करून ठेवलेला, त्यावर हे कसं सांगू? नुसतं जाऊ नका म्हणावं तर का ते बाबा विचारणार, मेसेज टाकावा तर तो आधी त्यांच्याच नजरेला पडणार. दोन्ही वेळा हवापाणी विचारून ठेवून दिला. पत्र वेळेत पोचेल अशी आशा धरून आहे. मला लाज वाटते, ताई. अजून काय लिहू?

लोभ राहील का, ते तुझ्यावर सोडतो.

तुझा,
धाकटा


ता. १९, बुधवार

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मंगळवारी आलं. आम्ही रविवारी जाऊन आलो होतो.

दारात तीन पायऱ्या आहेत. दोन वाढप्यांनी खुर्ची उचलली, ती पुढे कलली आणि बाबांनी माझं मनगट असं धरलं की वळ अजून आहे. टेबलांमधून खुर्ची जाईना, म्हणून आम्हाला दाराच्या तोंडाशीच बसवलं. येणारा-जाणारा ओलांडून जात होता. सूप पाण्यासारखं. मीठ कागदाच्या पुड्यांत. बरणी हलणार कुठून, बरणीच नव्हती! बाबांनी एक चमचा घेतला आणि दाराकडे बघत बसले. नर्सबाई म्हणाल्या घरी जाऊ, मी म्हटलं जाऊ, पण बाबा हलायला तयार नाहीत. पावणेतीनपर्यंत दार उघडलं की मान वर करायचे.

तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की तू समोर असतास तर कानाखाली वाजवली असती. मग तुझा शब्द मोडला आणि बाबांना सगळं वाचून दाखवलं. एकटीने हे पोटात ठेवणं मला जमलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग बोलायला लागले. अर्धा तास लागला, पण सांगितलं सगळं. बरणीचं ते कँटीनमध्ये कधी कुणाला बोललेच नव्हते. आचाऱ्याने आपल्याच हातची तारीफ केली तर लोक हसतात. ते फक्त घरात, मोरीपाशी, आपल्यासमोर म्हणायचे. माझ्या लक्षात आलं नाही, त्यांच्या मात्र पहिल्यांदा ऐकतानाच आलं. त्यांना वाटलं, तू कामासाठी दर रविवारी इथे येतोस, घरी यायचा धीर होत नाही, म्हणून घरचं वाक्य लिहून त्यांना तिथे बोलावलंयस. तो वाटीभर भात त्यासाठी होता. खुर्चीत बसण्यापुरती ताकद हवी होती त्यांना.

रविवारपासून पुन्हा चार चमचे. नळीची तारीख २८ आहे.

तुझ्या नोकरीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. निळा शर्ट मात्र धुवायला देत नाहीत, रविवारी लागेल म्हणतात. तू लिहिलंयस ना की तो माणूस दर रविवारी येतो? मग ये. कशात शिजवलं ते यावेळी तू विचार, सांगतील ते. अनुभवाचं मागून बघू, पाटी कोरी असली तरी घरात तुला नाव आहे.

आमचा लोभ आहे तसाच आहे, आता तुझी पावलं दिसू देत.

तुझी,
ताई

ता. क. तुझा डबा अळणी असतो इथपर्यंत वाचलं, तेव्हा बाबांनी मला थांबवलं. टेबलावरची बरणी डाव्या हाताने ढकलत ढकलत तुझ्या रिकाम्या जागेसमोर नेऊन ठेवली. त्यांनी आपणहून बरणी हलवलेली मी आजवर पाहिली नव्हती. मी ती तिथेच ठेवलीये.