पोळपाट आणि टच वुड

मंगळवार संध्याकाळ, नायगाव

उद्या बाबांच्या बायॉप्सीचा रिपोर्ट. कशात मन लागत नाही, म्हणून लिहितेय.

ऑफिसात आम्ही फुशारकी मारून झाली की सवयीनं 'टच वुड' म्हणतो. आईनं ते माझ्याकडूनच उचललं, पण ती खरंच लाकूड शोधते. आधी राहायचो त्या चाळीत दाराला सागवानी चौकट होती. या टॉवरमध्ये दारंसुद्धा फायबरची, म्हणून ती धावत जाऊन पोळपाटाला हात लावते. दुपारी मावशीला फोनवर म्हणाली, "हे जेवतात गो नीट, टच वुड." नवस बोलावा तसं. मी नुसतं "रिपोर्ट चांगलाच येणार" म्हटलं, तर केवढ्यांदा ओरडली! "आधी टच वुड म्हण!" मी नाहीच म्हटलं. का नाही म्हटलं? कसला एवढा हट्ट?

बाबा हसले. "गोरा साहेब गेला आणि खूळ ठेवून गेला." हे त्यांचं नेहमीचंच.

मघाशी पाणी प्यायला गेले, तर स्वयंपाकघरात बाबा दिवा न लावताच उभे. दोन्ही हात पोळपाटावर.

तशीच मागे फिरले. आई पोळ्या करायला उठत होती. तिला म्हटलं, "बस गं. आज नुसता भात करू, जरा वेळानं."