होडीतला उंट

बाबा, पुढच्या महिन्यात तुमच्यावर एक कॉमिक येतंय. कानावर पेन्सिल, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा, बोरिवलीच्या चाळीतल्या जिन्याखालची लायब्ररी, सगळं तंतोतंत. पुस्तकाच्या नावात 'लायब्ररीवाले काका' आहेत आणि मागच्या पानावर छापलंय की हा गिऱ्हाइकाशी कधीच खोटं न बोललेल्या माणसाचा वृत्तांत आहे. ते वाचून मी ऑफिसात एकटीच इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरची मुलगी पाणी घेऊन आली.

तुम्ही जाऊन तेवीस वर्षं झाली, तेव्हा मी हल्ली काय करते ते आधी सांगते. दिवसा अंधेरीच्या एका ऑफिसात औषधांच्या खोक्यांवरचा मराठी मजकूर तपासते. आणि महिन्यातून एकदा, टोपणनावाने, एका वेबसाइटसाठी येणाऱ्या कॉमिक्सची यादी लिहिते. काय घ्यायचं, काय सोडायचं. प्रकाशक आधी आठ-दहा पानं पाठवतात, त्यावरून मत ठोकून द्यायचं. लोक वाचतात, शिव्या घालतात, पुढच्या महिन्यात परत वाचतात. माझे शेरे तीनच: घ्या, बघून घ्या, सोडा. ते कुणाच्या फळ्यावरून उचललेत हे तुम्हाला सांगायला नको. या महिन्याची यादी तशी बेताचीच आहे. परदेशातला एक उडणारा वीर पुन्हा मरणार म्हणून डांगोरा पिटलाय. तो आजवर इतक्यांदा मेलाय की त्याच्या तेराव्यालाही कुणी जाणार नाही. सोडा. धरणाखाली गेलेल्या गावावर एका बंगाली मुलीचं पुस्तक आहे, आख्ख्या आठ पानांत एक शब्द नाही, नुसतं पाणी चढत जातं. डोळे झाकून घ्या. जपानी खानावळीवरच्या मालिकेचा सहावा भाग येतोय, चित्रं सुंदर, पण मराठी अनुवाद वाचून भूक मरते, म्हणून बघून घ्या. आणि पुराणातले देव व्यायामशाळेतून नुकतेच बाहेर पडल्यासारखे काढलेलं एक जाडजूड प्रकरण आहे, त्यावर मी लिहिलं, देवांना दंड दिलेत, चेहरे द्यायचे राहिलेत. हे वाक्य तुम्हाला आवडलं असतं. पाचवं पुस्तक तुमचं. शनिवारी यादी द्यायची होती आणि शुक्रवारपर्यंत त्यापुढची जागा कोरी होती.

तुमचा फळा मला अजून दिसतो. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही जिन्याखालची ती जागा घेतलीत, दोरीला चिमट्यांनी कॉमिक्स टांगलीत आणि बाहेर एक काळा फळा ठेवलात. त्यावर वर 'येणार' आणि खाली पुढच्या आठवड्यात येणाऱ्या अंकांवर तुमची मतं. आख्खी चाळ त्या फळ्यावर विश्वास ठेवायची. अंक यायच्या आधीच तुम्हाला तो कसा आहे हे कळतं कसं, हे कुणी विचारलं नाही. मला माहीत होतं. हातातल्या अंकाच्या मागच्या पानावर पुढच्या अंकाची जाहिरात असायची, चौकटीत एक चित्र आणि दोन ओळी, त्यावरून तुम्ही बेधडक ठोकायचात. निम्म्या वेळा बरोबर निघायचं, निम्म्या वेळा लोक विसरायचे.

मग तो वाळवंटातला उंटस्वार आला. चार भागांची गोष्ट. तिसऱ्याच्या शेवटी उंटस्वार गळ्यापर्यंत वाळूत पुरलेला आणि उंट पळून गेलेला. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, 'चौथा भाग. आजवरचा सर्वोत्तम. असा शेवट होणे नाही. घ्या.' आणि कंपनीच बुडाली. पार्सलऐवजी पोस्टकार्ड आलं. ते तुम्ही खिशात घातलंत आणि पहिल्या मुलाला सांगितलंत, "आला होता, गेलाय बाहेर. येईल परत." दुसऱ्याला सांगितलंत, पहिल्याकडे आहे. तिसऱ्याला सांगितलंत, दुसऱ्याने हरवला बहुतेक. पंधरा दिवसांत मुलं एकमेकांची दप्तरं तपासायला लागली, दोघांची नळावर मारामारी झाली, एकाचा दात पडला. "अहो, आला नाय म्हणून सांगून टाका ना!" आई म्हणाली. तुम्ही म्हणालात, "फळ्यावर लिवलेलां पुसूचां कसां?"

ते वाक्य मी बाराव्या वर्षी फार मनावर घेतलं. मला वाटलं, पुसायचं नसेल तर खरं करावं लागेल. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वयंपाकघरात मोरीच्या कट्ट्याला पाठ लावून बसते, मांडीवर पोळपाट, पोळपाटावर चित्रकलेची वही. आई चकल्या तळतेय आणि मधूनमधून विचारतेय, "सुटला का गं तो वाळूतून?" मी त्याला सोडवलं. वाळवंटाच्या टोकाला आपल्या बोरिवलीशेजारची गोराईची खाडी निघाली, भरती आली, वाळू सैल झाली आणि तो बुचासारखा वर आला. पुढे उंट परत यायला हवा होता. तो मी गोराईच्या होडीतून आणला, कोळणींच्या पाट्यांमध्ये उभा करून. एक कोळीण त्यावर ओरडते, "ए उंटवाल्या, सरक नं जरा, माज्या बोंबलांचा चिखल करशील!" आई हे वाचून इतकी हसली की चकल्यांचा एक घाणा जळला. शेवटपर्यंत सगळी गोष्ट मी होडीतच ठेवली.

तुम्ही ती वही दुपारी जेवून उठल्यावर उभ्याउभ्याच चाळलीत. मी भिंतीला टेकून तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही विचारलंत, "उंटाचे पाय खंय गेले?" पान उलटून परत विचारलंत, "वाळवंटातलो मनीस गोराईक कित्याक मराक जातलो?" मग तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "ह्यां आपलां नाय. दुसऱ्याच्या माणसाक आपण शेवट देवचो नाय. गिऱ्हाइकाक मी खोटां देणंय नाय." खोटं देत नाही! पंधरा दिवस अख्ख्या चाळीला टोप्या घालणारा माणूस मला सांगत होता. वही तुम्ही काखेत मारून खाली घेऊन गेलात. चार दिवसांनी मी विचारलं, तेव्हा वर न बघता म्हणालात, "रद्दीत गेली." आणि आठवडाभराने रंगीत खडूंची एक पेटी आणून माझ्या हातात दिलीत. "अक्षर बरां आसा तुझां. फळो तू लिवत जा." तुम्हाला वाटलं असेल, पोरीची समजूत काढली. मी त्यानंतर चित्र म्हणून कागदावर रेघ मारली नाही. तुम्ही सांगायचात ती मतं रंगीत खडूने लिहीत गेले, दहावीपर्यंत. आणि अजून तेच करतेय, फक्त मतं आता माझी आहेत.

आता त्या आठ पानांकडे येते. ज्या बाईने हे पुस्तक काढलंय ती गोराईची. तिची आई सकाळी होडीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात मासे विकायला यायची आणि पाटी खाली होईपर्यंत पोरीला तुमच्याकडे बसवून जायची. मी सकाळच्या शाळेत, म्हणून मला ती कधी दिसली नाही. चौथ्या पानावर तुम्ही गल्ल्याखालून खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढता आणि त्या पोरीला म्हणता, "कंपनीनं मला एकट्याला पाठवलाय. एकच प्रत. इथंच बसून वाचायचा आणि कुणाला बोलायचं नाही." पाचव्या पानावर होडी, होडीत उंट, आणि कोळीण तिच्या बोंबलांवरून ओरडतेय. माझं वाक्य, अक्षर न् अक्षर. खाली तिने लिहिलंय की आपली होडी, आपल्या आईसारखी बाई छापील गोष्टीत असू शकते हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि त्याच दिवशी तिने खडूचा तुकडा मागून तुमच्या फरशीवर पहिलं चित्र काढलं. छापील नव्हतं हो ते. निळ्या शाईतली वही होती, मागच्या पानावर माझा शाळेतला हजेरी क्रमांक होता. पण तुम्ही सांगितलंत आणि पोरीने मानलं. आठ पानांत मी कुठेही नाही. फळा मात्र आहे, आणि त्यावरचं अक्षर माझं आहे.

किती दिवस दाखवत होतात तिला? ती म्हणते, दोन वर्षं, जेव्हा मागेल तेव्हा. म्हणजे दोन वर्षं मी वरच्या खोलीत बसून समजत होते की माझी वही भेळेच्या पुड्यांत गेली, आणि खाली तुम्ही ती खाकी कागदात जपत होतात. दुपारी शाळेतून आल्यावर एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतंत, की बाय, एका पोरीला आवडली गो तुझी गोष्ट. तुमचं काय गेलं असतं? कंपनीला दिलंत श्रेय! बुडालेल्या कंपनीला! तिचं तिकडे दार बंद, इकडे पोटची पोर जिना उतरून रोज समोरून जात होती. मी खूप दिवसांत इतकी चिडले नव्हते, बाबा.

पानांबरोबर तिचं एक पत्रही होतं. मी तुमची मुलगी हे तिला माहीत नव्हतं. जुन्या मराठी कॉमिक्सची जाणकार म्हणून तिने मला विचारलं होतं, तो चौथा भाग कुणी काढला सांगू शकाल का, मी बरीच वर्षं शोधतेय, पुस्तक त्या चित्रकाराला अर्पण करायचंय. पुढे लिहिलं होतं, 'वाळवंटातला उंट समुद्रावर आणायची कल्पना ज्याला सुचली तो केवढा मोठा माणूस असेल!' आता यावर काय लिहायचं? खरं सांगावं तर तिच्या पुस्तकातला सत्यवादी काका पहिल्याच फटक्यात खोटा पडतो. गप्प बसावं तर माझी होडी पुन्हा कंपनीच्या नावावर जाते, आणि या वेळी मीच घालवलेली असते. दोन दिवस मी चहा गार करत बसले. तिने वही मागितली असती तर तीही देता आली नसती. कारण तुम्ही गेल्यावर ती जागा रिकामी करायला मीच आले होते. गल्ल्याखाली एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात खाकी कागदातले गठ्ठे. मी एकही उघडला नाही. रागच होता तेव्हाही. रद्दीवाल्याला म्हटलं, ट्रंकेसकट उचल. तेव्हा 'रद्दीत गेली' हे तुमचं बोलणंही शेवटी मीच खरं केलं. फळ्यावर तुम्ही लिहायचं आणि निस्तरायचं मी, हेच आपलं ठरलेलं दिसतंय.

शनिवारी सकाळी मी तिला लिहिलं. लिहिलं की तो भाग मी काढला, बारा वर्षांची असताना, पोळपाटावर. काका माझे वडील. कंपनीने काहीही पाठवलं नव्हतं, ते तुझ्याशी खोटं बोलले आणि माझ्याशीही. आणि कल्पनाबिल्पना काही नव्हती, मला उंटाचे पाय काढता येत नव्हते. किती पानं फाडली, प्रत्येक वेळी स्टुलाचे पाय व्हायचे. होडीत घातला की कडा आणि माशांच्या पाट्या पुढे येतात, पाय काढावे लागत नाहीत, म्हणून गोष्ट शेवटपर्यंत होडीतून उतरली नाही. तासाभरात तिचा फोन आला. आधी नुसती हसत होती, मग रडत होती, मग म्हणाली, "ताई, मी मागचं पान बदलते. सत्यवादी काढून टाकते. पण काकांना नाय काढणार हां. खोटं बोलले म्हणून तर मी वाचलं ना?" मी म्हटलं, तुझं पुस्तक आहे बाई, तुला हवं ते कर. मग यादी पुरी केली. पाचव्या पुस्तकापुढे लिहिलं: 'बघून घ्या. मी आठच पानं पाहिलीत. होडी झकास. म्हातारा आहे त्यापेक्षा फारच गोड काढलाय.' तुमच्यावरचं पुस्तक पुरतं न वाचता 'घ्या' लिहिण्याइतकी मी अजून तुमची मुलगी झालेली नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्हाला लिहिलेल्या आधीच्या दोन पत्रांसारखंच हेही औषधांच्या जुन्या प्रुफांखाली राहील. फक्त एक राहिलंय. आठव्या पानावर एक मोठं चित्र आहे. पोरगी फरशीवर पालथी पडून वही वाचतेय आणि तिच्या मागे तुम्ही, चष्मा कपाळावर, वाकून तेच पान वाचताय आणि गालात हसताय. खाली ओळ आहे, 'प्रत्येक वेळी काकासुद्धा माझ्याबरोबर पहिल्यापासून वाचायचे.' हे तिला खरंच आठवतंय की चित्र चांगलं दिसावं म्हणून तिने घातलंय, हे मला फोनवर विचारता आलं असतं. आम्ही तासभर बोललो. नळावरच्या मारामारीपासून आईच्या चकल्यांपर्यंत सगळं बोलून झालं. ते एवढं मी विचारलं नाही. विचारणारही नाही. ती म्हणाली, "नाय ओ ताई, ते मी आपलं असंच काढलं," तर मग मी काय करू?