उन्हाळ्यातली गरम गोळी

१७ एप्रिल
सकाळीच आईचा घोळणा फुटला. या आठवड्यात पुन्हा. मी न्हाणीत पोचेपर्यंत ती मान मागं टाकून बसलेली, डोक्यावर तांब्यामागून तांब्या. नळाला पाणी परवा आलं, आता आठवडाभर नाही, आणि बाईसाहेब पिंप रिकामं करतायत. पुढं वाक म्हटलं, नाक चिमटीत धर, तोंडानं श्वास घे. ऐकेल तर शपथ. रक्त घशात उतरलं, मग उलटी. वर मलाच, "भ्यायला काय झालं तुला? उष्णता हाय ती, जाऊ दे निघून."
तपासायला आणलेली मुद्रितं तशीच पडलीत.

१८ एप्रिल
देवगावहून भाऊचा फोन. कांदा फोडून हुंगव म्हणे. आई उन्हाळ्यापुरती माझ्याकडं, त्यामुळं सल्ले त्याचे, फरशी पुसणं माझं.

२० एप्रिल
नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाई. आतली बारीक शीर कोरड्या हवेनं फुटते. मलम लावा, खपली काढू नका. इथवर ठीक. मग बीपी मोजलं, पुन्हा मोजलं. गोळी चालू आहे ना आजी? "हाय की." मीही मान डोलावली. बीपी असंच राहिलं तर नाकाचं सोडा, मेंदूची भीती आहे, म्हणाल्या.
येताना रिक्षात पदराआड खपली काढत होती. हात धरला, तर माझ्यावरच डोळे वटारले.

२१ एप्रिल
शेजारच्या शमीमआपा सब्जाचं सरबत घेऊन आल्या. मी ओट्याशी. बाहेर आई मोठ्या अभिमानानं सांगतेय, "पाडव्यापासून बीपीची गोळी बंदच केली म्या. उन्हाळ्यात गरम औषध घेत नसतेत."
"सही करे अम्मा," आपा म्हणाल्या.
मी बाहेर जाऊन काय काय बोलले ते लिहीत नाही. आपा सरबत ठेवून गेल्या. आईचं एकच, पावसाळा लागला की घेईन म्हणे.
उष्णता नको म्हणून गोळी बंद. म्हणून बीपी वर. नाकातलं रक्त थांबेना, आणि ते रक्त म्हणजे उष्णतेचा पुरावा. यात मी कुठून शिरू?
संध्याकाळी मलम लावलं. लहान मुलीसारखा चेहरा वर करून बसली. नथीचं भोक किती ओघळलंय. इतक्या जवळून तिला कधी पाहिलं होतं, आठवेना.

२२ एप्रिल
डॉक्टरबाईंना फोन केला. आजच सुरू करा, आठवड्यानं दाखवा. तह असा ठरला: गोळी गुलकंदासोबत. माझ्यासमोर गिळली. तोंड उघडून दाखवायला लावलं. लाज वाटली, तरी लावलं.

२७ एप्रिल
नाक कोरडं. श्रेय सब्जाला. मी गोळी आणि गुलकंद पुढं केला.

२९ एप्रिल
दाखवून आणलं. बीपी उतरलंय, पण गोळी आता सोडायची नाही, असं डॉक्टरबाईंनी तिला बजावून सांगितलं. दुपारी भाऊ गाडी घेऊन हजर, वहिनीच्या माहेरी लग्न. एवढ्या उन्हात. मी नको म्हटलं, आईनं पिशवी आधीच भरलेली. मी गोळ्या त्यात वरच ठेवल्या. भाऊला सांगितलं तेव्हा तो फोनवर होता, हो हो म्हणाला.

१ मे
फोन लावला. घोळणा?
"नाय फुटला. सरली समदी उष्णता."
गोळी घेतलीस का?
"तू जेवलीस का?"
जेवले, म्हटलं. जेवले नव्हते.
"मंग मी पण घेतली," म्हणाली.