उघडलेला डबा नेला जाणार नाही

आदरणीय दादा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो (कागदावरच, प्रत्यक्ष वाकायची सोय कंबरेने ठेवलेली नाही, त्याचं कारण पुढे येईल). तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि धाकटीची परीक्षा, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो, कारण विचारपूस लांबवली तर मुद्दा राहून जाईल. मुद्दा असा, की तुमची बहीण नव्या घरी यायला तयार नाही. सामान गेलं, ट्रक गेला, मी एका पायावर तयार आहे, आणि ती मात्र रिकाम्या घरात चटईवर बसून आहे. रविवारी इथे नवे भाडेकरू येणार. आज मंगळवार. यात माझी काडीचीही चूक नाही हे तुम्हाला पटावं, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

हे घर सोडायचं ठरलं ते तिच्याचसाठी, हे तुम्ही जाणताच. अकरा वर्षं तिने या घराच्या तक्रारी केल्या. भिंतींचे पोपडे, रडणारं दार, न अडकणारी खिडकी, न्हाणीघरातल्या मळकट फरश्या. मी दर वेळी ‘बघू’ म्हणायचो (खोटं कशाला बोलू), आणि शेवटी नवं घरच घेऊन टाकलं. चौथा मजला, कोरं करकरीत, बसने तासाभरावर. मग सामान हलवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर आला. हडकुळा माणूस, खिशाला तीन पेनं, आणि चेहरा असा की आपल्याच घरात आपण चोरून राहतोय असं वाटावं. काय काय नेणार ते त्याने एका वाक्यात उरकलं आणि काय नेणार नाही याची दोन पानी छापील यादी माझ्या हातात ठेवली. रंग, टर्पेंटाइन, व्हार्निश, ॲसिड, मशीनचं तेल, चिकटवायचं रसायन, खत, काड्यापेट्या, बुटांचं पॉलिश, जिवंत झाडं, जिवंत प्राणी, आणि शेवटी जाड अक्षरात, उघडलेला कुठलाही डबा. आमची कुंडीतली जाई अर्धमेली आहे, ती जिवंतात धरायची का, असं मी विचारलं, तर त्याने गंभीरपणे वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनी पाहणीसाठी माणूस पाठवतो म्हणून सांगितलं. (माणूस खरंच आला. त्याने जाईकडे बराच वेळ पाहिलं आणि ‘संशयास्पद’ असं लिहून गेला.)

आता, दादा, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. चांगली वस्तू टाकायची म्हटलं की माझ्या जिवावर येतं. यादीतली एकूण एक वस्तू माळ्यावर निघाली, आणि सगळी अर्धी. शेजाऱ्यांना देऊ केली, तर त्यांनी त्यांचे अर्धे डबे आणून दाखवले. हाताशी नऊ दिवस होते. म्हटलं, वापरून संपवू.

पहिल्या दिवशी रंग काढला. तीन डबे, तीन रंग, एकही एका भिंतीला पुरेना, म्हणून तिन्ही एकत्र ओतले. जो रंग झाला त्याला नाव नाही, पण सकाळच्या उन्हात तो फार छान दिसतो, हे मला कबूल करावं लागेल. शिडी डुगडुगते म्हणून तुमची बहीण ती धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी व्हार्निश खिडक्यांना लागलं. तिसऱ्या दिवशी तेल सगळ्या बिजागऱ्यांना घातलं, तरी उरलं, म्हणून शेजारच्या काकूंच्या दारालाही घातलं. (त्या आता रागावल्या आहेत. पूर्वी दार वाजायचं तेव्हा यजमान आल्याचं कळायचं, आता ते थेट पाठीमागे उभे असतात.) रसायनाची नळी एकदा उघडली की वाळते, म्हणून अकरा वर्षांत तुटलेलं सगळं एका दुपारी चिकटवलं. कपांचे कान, चपलांचे तळवे, शब्दकोशाची पाठ, आणि पाचेक मिनिटं माझा अंगठा. पॉलिश आमचे बूट संपल्यावर अख्ख्या जिन्यातल्या बुटांना लावलं. दोघांनी ते आपले नव्हेत म्हणून घ्यायचं नाकारलं. खत जाईला घातलं आणि तिला एकदम अकरा कळ्या आल्या, त्यामुळे तिचा जिवंतपणा सिद्ध होऊन ती कायमची बाद झाली. आठव्या दिवशी ॲसिडने न्हाणीघर घासलं (कंबर गेली ती इथेच). दादा, त्या फरश्या मळकट नाहीत. पांढऱ्या आहेत. त्यांच्यावर निळी फुलं आहेत. आम्ही दोघांनी न्हाणीघराच्या दारात उभं राहून ती फुलं मोजली.

या सगळ्यात ती एका शब्दाने कुरकुरली नाही. फडकी पिळून देत होती, चहा दोनदोनदा करत होती, आणि बोलत होती. शाळेत असताना तुम्ही तिला सायकलवरून पाडलंत आणि घरी कुत्रं आडवं आलं म्हणून सांगितलंत, हे मला शिडीवर असताना कळलं. मला वाटलं, घर बदलायच्या आनंदात आहे.

दहाव्या दिवशी ट्रक आला, भरला, आणि निघताना तुमची बहीण चटई अंथरून बसली. सुपरवायझरने विचारलं तर म्हणाली, मी उघडलेला डबा आहे, मला तुम्ही नेऊ शकत नाही. त्याने यादी पाहिली आणि गेला. मी तिला समजावलं. हेच घर तुला नको होतं ना, म्हटलं. ती म्हणाली, “नऊ दिवसांत झालं सगळं. मग अकरा वर्षं कुठे अडलं होतं?” मी सुपरवायझरची यादी पुन्हा वाचायला घेतली. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, “तिथे सगळं नवं आहे. काही मोडलेलं नाही. तिथे तुम्ही पेपर वाचत बसाल.”

आता यावर माणसाने काय बोलावं? मोठ्यांना साष्टांग नमस्कार, धाकटीला शाबासकी.

तुमचा,
बिनचूक मेहुणा

ता. क. रविवारच्या आत येऊन तिला दोन शब्द सांगा. तुमचा शब्द ती मोडत नाही. सायकलचा विषय काढू नका.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं, कारण आता यायची गरज नाही. आज सकाळी सामान लावून येतो म्हणून एकटाच नव्या घरी गेलो आणि पेचकस घेऊन तीन बिजागऱ्या सैल केल्या, स्वयंपाकघरातला नळ गळता केला, आणि खिडकीची कडी वाकवली. परत येऊन तोंड पाडून सांगितलं, की आपण फसलो, घर अगदी खिळखिळं निघालं. तिने काय काय मोडलंय त्याची यादी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली. मग उठली, चटई गुंडाळली आणि म्हणाली, सुरुवात नळापासून करू.

ता. क. ३. पाकीट खोक्यात गेलं होतं, आठवड्याने सापडलं. नव्या घरी पोचलो. दोघंही मजेत आहोत, जाईसकट (ती बसने आली, मांडीवर). सवडीने या, पण तुम्ही हाडाचे फिटर, म्हणून आधीच हात जोडतो, हत्यारांची पिशवी घरी ठेवा आणि नळ गळताना दिसला तर गळू द्या. काल आम्ही दारं दुरुस्त करायला घेतली. मी तीन बिजागऱ्या सैल केल्या होत्या, हे मी देवाशपथ सांगतो. निघाल्या सात. पेचकस तिच्या शिवणाच्या डब्यात होता. मी काही बोललो नाही, तुम्हीही बोलू नका.